गाळप हंगामातील धूर आणि वैद्याचे कर्तव्य

चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्याय आपण सर्वांनी पदवी अभ्यासक्रमात परीक्षेपुरता पाठ केलेला आहे. वायू, उदक, देश आणि काल हे चार भाव बिघडले म्हणजे भिन्न प्रकृतीची, भिन्न आहाराची आणि भिन्न वयाची माणसेही एकाच वेळी एकाच व्याधीने पीडित होतात, हा त्या अध्यायाचा गाभा. विकृत वायूची लक्षणे सांगताना आचार्यांनी अतिरूक्षता, अतिशीतता, ऋतुविपरीतता यांच्या जोडीला असात्म्य गंध, बाष्प, वाळू, धूळ व धूर यांनी उपहत झालेला वायू निःसंदिग्धपणे नोंदविला आहे. परीक्षा संपली की हा अध्याय मिटतो. पुढे एखादी साथ आली, जसे २०२० मध्ये कोविड आला, तेव्हा तो व्याख्यानापुरता पुन्हा उघडला जातो. मांजरा आणि तेरणा यांच्या खोऱ्यात व्यवसाय करणाऱ्या वैद्याने तो दरवर्षी दसऱ्यापासून होळीपर्यंत उघडाच ठेवावा, असे माझे मत आहे. प्रस्तुत लेखात त्या मताची कारणे आणि त्यातून निष्पन्न होणारी आपली कर्तव्ये मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

हा प्रश्न केवळ शहराचा नव्हे

वायुप्रदूषण म्हटले की दिल्ली, मुंबई, फार तर चंद्रपूर डोळ्यांसमोर येते. लातूर-बार्शी रस्त्यावरील मुरुडसारख्या गावात, चहूकडे हिरवे शिवार असताना, हवा दूषित आहे असे सांगितले तर ऐकणारा हसतो. केंद्र शासनाने २०१९ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात महाराष्ट्रातील ज्या शहरांची हवा मानकांपेक्षा खराब ठरली, त्यांच्या यादीत लातूरचे नाव आहे, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. तो कार्यक्रम मात्र शहरांसाठी आहे. शहराची हद्द संपली की मोजमापही संपते, आणि जे मोजले जात नाही ते अस्तित्वात नाही असा समज रूढ होतो.

मांजरा नदी बालाघाटाच्या डोंगरात उगम पावते. धनेगावचा प्रकल्प आणि १९८० नंतर उभे राहिलेले सहकारी साखर कारखाने यांमुळे या खोऱ्याचा चेहरामोहरा पालटला. ज्वारी, तूर, करडईच्या शिवारात ऊस आला. ऊस आला तसा पैसा आला, मुलांची शिक्षणे झाली, पक्की घरे झाली. हे ऋण नाकारण्याचे कारण नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, तेव्हा उसाला लागणाऱ्या पाण्याची चर्चा देशभर झाली. उसापासून निघणाऱ्या धुराची चर्चा मात्र त्या वेळीही झाली नाही आणि त्यानंतरही झालेली नाही.

या खोऱ्यातील धुराचे उगम अनेक आहेत. तोडणीनंतर शेतात राहिलेले पाचट पेटविले जाते. मजुरांची टोळी मिळत नसेल किंवा तोडणी लवकर उरकायची असेल, तर उभा ऊसच पेटवून मग तोडला जातो. कारखान्याच्या बॉयलरात बगॅस जळतो आणि धुराड्यातून बाहेर पडणारी काळी राख वाळत घातलेल्या कपड्यांवर, गच्चीवरील धान्यावर येऊन बसते. गुऱ्हाळांच्या चुलवाणात चिपाडे जळतात. इंधन कमी पडले की काही ठिकाणी जुने टायर व प्लॅस्टिकही त्यात जाते, अशा तक्रारी पुणे जिल्ह्यातील दौंड परिसरातून वेळोवेळी आल्या आहेत. वीटभट्ट्या आहेत. आश्विन-कार्तिकात सोयाबीनच्या मळणीची धूळ आहे. तुराट्या, पऱ्हाट्या, धसकटे आणि बांधावरचे गवत जाळण्याची रीत आहे. शिवाय घरातील चूल आहेच. उज्ज्वला योजनेने २०१६ पासून गॅसची शेगडी पुष्कळ घरांत पोहोचविली, तरी दुसरे सिलिंडर परवडत नाही तिथे तुराट्याच जळतात.

काळाचाही यात वाटा आहे. गाळप हंगाम म्हणजे हेमंत आणि शिशिर. रात्री आकाश निरभ्र, वारा मंद, जमीन लवकर थंड होते. जमिनीलगतची थंड हवा जड होऊन नदीकाठच्या सखल भागात साचते, तिच्यावर उष्ण हवेचे झाकण बसते आणि सायंकाळी पेटविलेल्या पाचटाचा धूर पहाटेपर्यंत वस्तीवरच रेंगाळतो. ज्याला आपण धुके समजतो, त्यात धुराचा अंश किती असतो, हे नाकालाच विचारावे.

संहिताग्रंथांचे सांगणे

चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या सतराव्या अध्यायात हिक्का-श्वासाचे हेतू देताना प्रारंभीच धूळ, धूर व वारा यांचा उल्लेख केला आहे. प्रतमक श्वासाच्या हेतूंतही रज आहे. हेमंतात संचित होणारा कफ, त्यात रूक्ष-तीक्ष्ण धुराने प्रकुपित झालेला वायू आणि प्राणवह स्रोतसांचा अवरोध, ही संप्राप्ती नव्याने शोधण्याची गरज नाही. आपल्याकडे पौष-माघात येणाऱ्या कास-श्वासाच्या रुग्णांत ती रोज दिसते.

सुश्रुताचार्यांनी त्यापुढे जाऊन सूत्रस्थानाच्या बाराव्या अध्यायात, अग्निकर्माच्या प्रकरणात, धूमोपहत रुग्णाचे स्वतंत्र वर्णन केले आहे. श्वास, शिंका, कास, डोळ्यांचा दाह व लाली, गंध आणि रस न कळणे, ऐकू कमी येणे, तृष्णा, दाह, ज्वर आणि अखेर मूर्च्छा हा क्रम आजच्या विषारी धुराच्या वर्णनाशी बऱ्याच अंशी जुळतो. या रुग्णाला वमनार्थ जी द्रव्ये सांगितली आहेत, त्यांत तूप, द्राक्षा, दूध, साखरेचे पाणी यांच्याबरोबर इक्षुरस आहे. ज्या उसाचा रस आचार्यांनी धुरावर उपाय म्हणून सांगितला, त्याच उसाचे पाचट आज या खोऱ्यात धुराचे कारण झाले आहे.

जनपदोद्ध्वंसनीय अध्यायातील आणखी एक मुद्दा विशेष विचारार्ह आहे. वायू, उदक, देश, काल हे उत्तरोत्तर टाळण्यास अधिक कठीण, म्हणून उत्तरोत्तर अधिक गंभीर, असे तिथे म्हटले आहे. अर्थात वायू हा चौघांत त्यातल्या त्यात टाळता येण्याजोगा. निवात स्थानी जावे, दुसऱ्या जनपदात जावे, हे त्या काळी शक्य होते. आज फडाच्या कडेला पाचटाच्याच कोपीत राहणारा ऊसतोड मजूर कुठे जाणार? बीड-लातूरच्या कोरडवाहू गावांतून आलेले हे कुटुंब पहाटे थंडीत फडात उतरते, धुळीत काम करते, पाचटाच्या जाळावर स्वयंपाक करते आणि त्याच धुरात तान्ह्या मुलाला निजविते. त्याच्यासाठी वायू हा कालाइतकाच दुष्परिहार्य आहे. परिस्थिती पालटली की ग्रंथोक्त क्रमाचा अर्थही तारतम्याने लावावा लागतो.

अशा सामूहिक बिघाडाचे मूळ आचार्यांनी अधर्मात आणि प्रज्ञापराधात सांगितले आहे, आणि त्याची सुरुवात देश, नगर व जनपद यांच्या प्रमुखांपासून होते असेही म्हटले आहे. तेव्हा या विषयात केवळ रुग्णाला पथ्य सांगून वैद्याची सुटका होत नाही.

आधुनिक मोजमाप काय सांगते

भारतात नोव्हेंबर २००९ च्या मानकांनुसार अडीच मायक्रॉनपर्यंतच्या सूक्ष्म कणांची वार्षिक सरासरी घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅमपर्यंत ग्राह्य धरली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच मर्यादा ५ वर आणली. हे कण केसाच्या जाडीच्या वीस-पंचविसाव्या भागाइतके असतात. नाकातील केस किंवा तोंडावर बांधलेला ओला पंचा त्यांना अडवू शकत नाही. २०१९ या एका वर्षात भारतात सुमारे १६.७ लाख मृत्यूंशी वायुप्रदूषणाचा संबंध होता, असा अंदाज जागतिक व्याधिभार अभ्यासात मांडला गेला. त्यात घरातील चुलीच्या धुराचा वाटा मोठा आहे. विडी-सिगारेट कधीही न ओढलेल्या व्यक्तींनाही फुप्फुसांचा चिरकारी अवरोधक विकार होतो, हे पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात साधार मांडले. आपल्याकडील साठीच्या वृद्धा ‘दमा झाला’ म्हणून येतात, त्यांच्या इतिहासात चुलीपुढची चाळीस वर्षे विचारली पाहिजेत, ती याच कारणाने.

उसाच्या धुराबाबत सर्वांत बोलका पुरावा ब्राझीलचा आहे. साओ पाउलो राज्यातील पिरासिकाबा आणि आराराक्वारा या ऊसपट्ट्यातील शहरांत झालेल्या अभ्यासांत, ऊस जाळण्याच्या काळात हवेतील कण वाढले की श्वसनविकारांचे रुग्णही वाढतात, असे आढळले. पिरासिकाबात बालके व वृद्ध यांचे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण वाढलेले दिसले. त्या राज्याने २००२ मध्ये ऊस जाळणे टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा कायदा केला आणि २००७ मध्ये कारखान्यांशी करार करून ती मुदत आणखी अलीकडे आणली. जगातील सर्वांत मोठ्या ऊस उत्पादक प्रदेशांपैकी एकाने हे करून दाखविले; त्यामुळे उसाचा धंदा बुडाला नाही.

शेतकरी पाचट का जाळतो

आपला रुग्ण शेतकरी आहे आणि पुष्कळ वैद्यबंधू स्वतः शेतकरी आहेत. म्हणून त्याला दोषी ठरविणारी भाषा टाळावी. पाचट जाळण्यामागे कारणे आहेत. सरीत पाचट असले की खोडव्याला पाणी देणे जिकिरीचे होते. उंदीर, साप यांची भीती असते. बुडखे छाटायला, पाचट सरीत दाबायला मजूर मिळत नाही. कुट्टी करणारे यंत्र भाड्याने आणावे तर हंगामात ते मिळत नाही. काडी ओढली की एका तासात रान मोकळे होते.

परंतु त्या काडीची खरी किंमत त्याला सांगणारे कोणी हवे. एक हेक्टर उसातून साधारणतः ८ ते १० टन पाचट मिळते. त्यात सुमारे अर्धा टक्का नत्र, ०.२ टक्क्यापर्यंत स्फुरद, एक टक्क्यापर्यंत पालाश आणि ३२ ते ४० टक्के सेंद्रिय कर्ब असतो. म्हणजे दहा टन पाचटात जवळपास ५० किलो नत्र आणि १०० किलोपर्यंत पालाश. जाळल्यावर राखेत पालाश उरतो. नत्र आणि कर्ब मात्र वाऱ्यावर जातात आणि शेजाऱ्याच्या फुप्फुसांत उतरतात. कृषी विद्यापीठांची शिफारस साधी आहे. पाचट एकाआड एक सरीत दाबावे, टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू वापरावेत. ओल टिकते, तण कमी होते, पाण्याच्या पाळ्या वाचतात. पाण्यासाठी रेल्वेची वाट पाहिलेल्या जिल्ह्यात हा शेवटचा लाभ लहान नव्हे.

हे सांगणे कृषी सहायकाचे काम आहे, वैद्याचे नव्हे, असा आक्षेप घेतला जाईल. तथापि ज्याच्या नातवाला रात्री बारा वाजता धाप लागते, तो आजोबा सकाळी वैद्याकडे येतो. त्या क्षणी त्याच्या मनात जो विचार रुजतो, तो शिबिरातल्या भाषणाने रुजत नाही. निदानपरिवर्जन हीच संक्षेपतः चिकित्सा, असे आपण मानतो. मग निदान शेतात असेल तर परिवर्जनाची भाषाही शेतापर्यंत पोहोचली पाहिजे.

प्रथम आपले अंगण

इतरांना उपदेश करण्यापूर्वी आपल्या व्यवसायाकडे पाहणे उचित ठरेल. औषधनिर्मात्या बंधूंना हे कटू वाटेल, पण लिहिणे भाग आहे.

पहिली गोष्ट पुटाची. एका गजपुटाला हजार-दीड हजार गोवऱ्या लागतात. वस्तीत, उघड्या अंगणात दिलेले पुट हा शेजाऱ्यांसाठी धूरच असतो. आणि नाग, वंग, हरताळ, मनःशिळा यांच्या शोधन-मारणात निघणारी वाफ तर त्याहून घातक. विजेच्या भट्टीचा वापर, धूर शोषून घेणारी व्यवस्था, वस्तीपासून अंतर आणि कामगाराच्या तोंडावर योग्य मुखवटा, एवढे तरी आपण करू शकतो. काढ्याच्या भट्टीत ओली लाकडे जाळणारी औषधशाळा पाचटावर भाष्य करू शकत नाही.

दुसरी गोष्ट द्रव्यसंग्रहाची. जनपदोद्ध्वंसापूर्वीच, भूमी विरस होण्याआधी, औषधी उचलून ठेवाव्यात असे पुनर्वसू आत्रेयांनी अग्निवेशाला सांगितले. आज हमरस्त्याच्या कडेचा अडुळसा, धुराड्याच्या छायेतील रिंगणी आणि वीटभट्टीलगतची तुळस सर्रास संकलित होते. ज्या पानावर राख बसली आहे, त्याच पानाचा अवलेह आपण त्याच राखेने आजारी पडलेल्याला देतो. संकलकाला स्थान विचारणे आणि जड धातूंची तपासणी करून घेणे, ही औषधालयमालकाची जबाबदारी आहे.

तिसरी गोष्ट जाहिरातीची. हिवाळा आला की प्रदूषणापासून फुप्फुसे ‘शुद्ध’ करणारी चूर्णे, चहा आणि थेंब बाजारात येतात. सितोपलादी, तालीसादी, वासावलेह, अगस्त्यहरीतकी, कंटकारी, भारंगी यांचा युक्तिपूर्वक उपयोग आपण पिढ्यान्पिढ्या करीत आहोत आणि करीत राहू. परंतु कोणतेही औषध धुरात राहणाऱ्याला धुरापासून अभेद्य करते, असा दावा शास्त्राला धरून नाही. असे दावे विकले जातात तेव्हा धूर कमी करण्याची निकड संपते. दम्याच्या ‘रामबाण’ पुड्यांत स्टेरॉइड मिसळणाऱ्यांविषयी तर संघटनेने मौन बाळगू नये. त्यांच्यामुळे प्रत्येक प्रामाणिक वैद्य संशयास पात्र ठरतो.

चिकित्सालयातील काही सूचना

प्रत्येक कास-श्वासाच्या रुग्णास इंधन कोणते, घर फडापासून किती दूर, काम काय आणि त्रास कोणत्या वेळी वाढतो, हे चार प्रश्न विचारावेत. ‘धुराचा खोकला’ म्हणून स्वस्थ बसू नये; दोन आठवड्यांहून अधिक टिकलेल्या खोकल्यात क्षयासाठी थुंकी तपासणीस पाठवावी. कारखान्यात बुरशी आलेला बगॅस हाताळणाऱ्या कामगाराला काही तासांनी ज्वर, कास व धाप लागत असेल तर बगॅसोसिसचा संशय धरावा आणि त्या कामापासून त्याला दूर करावे. रुग्ण श्वासपथ रुंदावणारा पंप वापरीत असेल तर तो आपल्या शब्दावर बंद करायला लावू नये. ओठ निळसर होणे, वाक्य पुरे न बोलता येणे, बालकाच्या बरगड्या आत ओढल्या जाणे ही लक्षणे दिसताच विलंब न लावता रुग्णालयात पाठवावे. कनकासवात धत्तूर आहे. वृद्धांत, विशेषतः मूत्रावरोध किंवा काचबिंदू असणाऱ्यांत, ते जपून द्यावे.

अणुतैलाचे प्रतिमर्श नस्य, गंडूष, उष्णोदक आणि ऋतूनुसार स्नेहयुक्त आहार हे आपले उपाय आहेत. ते सांगावेत, पण त्यांच्या बळावर पेटत्या फडाजवळ उभे राहण्यास परवानगी देऊ नये. धूमपान हा आपल्या शास्त्रातील विधी मात्रा, काल व पात्र पाहून करावयाचा आहे. श्वासरोग्याच्या बंद खोलीत धूप, उदबत्ती किंवा डासांची कॉइल जाळणे यास त्याचा आधार देऊ नये. मुखवटा सुचवायचा तर एन-९५ प्रतीचाच सुचवावा.

संघटनेपुढे प्रस्ताव

येत्या गाळप हंगामापासून आपल्या सभासदांनी एक सामायिक नोंदवही ठेवावी, असा माझा प्रस्ताव आहे. रोज येणाऱ्या श्वसनरुग्णांची संख्या, वय, व्यवसाय, इंधन आणि त्या दिवशी परिसरात पाचट जळाले की नाही, एवढीच नोंद. नावे नकोत. नोव्हेंबर ते मार्च अशी पाच महिने वीस वैद्यांनी जरी ती प्रामाणिकपणे ठेवली, तरी आज आपण अनुमानाने जे बोलतो ते प्रत्यक्षाच्या आधारे बोलू शकू. ती माहिती जिल्हा आरोग्य अधिकारी, प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि कारखान्यांची संचालक मंडळे यांच्यापुढे ठेवता येईल. सूक्ष्म कण मोजणारी लहान यंत्रे आता फार महाग राहिलेली नाहीत. संघटनेने दोन-चार गावांत ती बसवावीत.

दुसरे, १९८१ च्या हवा प्रदूषण प्रतिबंध कायद्यात प्रदूषण नियंत्रण क्षेत्रात विशिष्ट पदार्थ जाळण्यास मनाई करण्याचा अधिकार राज्य शासनास आहे. परंतु पंजाब-हरियाणाचा अनुभव पाहता केवळ दंडाने आग विझत नाही. कुट्टी यंत्रे कारखान्याने हंगामापूर्वी गटागटांना उपलब्ध करून द्यावीत, जळीत उसाला उत्तेजन मिळणार नाही असे तोडणीचे वेळापत्रक पाळावे आणि धुराड्यावरील राख रोखणारी यंत्रणा रात्रीही चालू आहे याची खात्री ग्रामस्थांना पटावी, अशी मागणी ग्रामसभेत वैद्याने उभे राहून करावी. गावात त्याच्या शब्दाला अजून मान आहे.

यात आपले नुकसान आहे, हेही स्पष्ट बोलावे. धुराच्या महिन्यांत दवाखाना भरलेला असतो आणि औषधालयातील अवलेहाच्या बरण्या लवकर संपतात. हवा स्वच्छ झाली तर ती गर्दी ओसरेल. स्वस्थाचे स्वास्थ्यरक्षण हे आपल्या शास्त्राचे पहिले प्रयोजन, आतुराचे विकारप्रशमन दुसरे. पहिल्या प्रयोजनासाठी दुसऱ्यातील प्राप्ती कमी झाली तर ती हानी मानण्याचे कारण नाही. वैद्यबंधू-भगिनींनी या प्रस्तावावर आपली मते, विरोधी असली तरी, आगामी अंकासाठी अवश्य पाठवावीत. आणि नोंदवहीचा नमुना ठरविण्यासाठी दसऱ्यापूर्वी एक बैठक बोलवावी, ही कार्यकारिणीस नम्र विनंती.